उकडत होतं म्हणून नव्हे

सांगली,
१२ डिसेंबर

प्रिय विज्या,

परवा मुक्ताचा फोन आला होता. तूच नंबर दिलास म्हणाली. बारावीनंतर सायकॉलॉजी घ्यायचं तिच्या डोक्यात आहे, म्हणून तिने विचारलं, "काका, तुम्ही या कामात कसे आलात? आणि तेही ट्रॉमावाल्या, म्हणजे मोठा धक्का बसलेल्या लोकांसोबतच का?" मी तोंडाला येईल ते उत्तर दिलं. माणसांत रस होता, मदत करायला आवडतं, वगैरे. पोरगी गुणाची आहे, "हो काका" म्हणाली. पण त्या 'हो'मध्ये काही दम नव्हता. फोन ठेवल्यावर मलाच लाज वाटली. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरासारखं मुलाखतीतलं उत्तर दिलं मी, तेही कुणाला, तर तुझ्या मुलीला.

म्हणून हे पत्र. फोनवर हे जमलं नसतं. तू मध्येच हसला असतास आणि मी विषय बदलला असता.

शिवाय तुझं एक जुनं देणंही लागतो. अकरावीला कॉलेजला दोन दिवस सुट्टी होती म्हणून तू कऱ्हाडहून माझ्याबरोबर आमच्या गावी आला होतास, आठवतं? रात्री जेवणं झाली आणि सगळं घर अंथरुणं उचलून पडवीत आलं. आजी तर अंगणातच, खाटेवर. आत दोन खोल्या रिकाम्या. तू मला कानात विचारलंस, "आत का झोपत नाही रे तुम्ही?" मी म्हणालो, "आत उकडतं." डिसेंबर होता, लेका. पाटण खोऱ्यातला डिसेंबर. तू दोन घोंगड्या पांघरून कुडकुडत होतास, तरी पुढे काही विचारलं नाहीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेलेत.

खरं कारण तुला नंतर कधीतरी कुणाकडून कळलंच असेल. ११ डिसेंबर १९६७, सोमवारची पहाट, चार वाजून गेलेले. कोयनेचा भूकंप. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली त्यात. आजोबा धरणाच्या कामावर रात्रपाळीला होते. घर दगडमातीचं, वर कौलं. आजी तेव्हा सव्वीस वर्षांची. पदरात तीन पोरं: माझे बाबा सहा वर्षांचे, सुमन आत्या तीन वर्षांची आणि काका अंगावर पिणारा. आत्या भिंतीकडेला झोपली होती.

एवढंच आम्हाला माहीत होतं. 'भिंतीकडेला होती' हे वाक्यसुद्धा घरात पूर्ण कुणी म्हणायचं नाही. 'ती भिंतीकडेला...' आणि मग कुणीतरी चहा टाकायला उठायचं.

पण बोलणं नव्हतं म्हणजे ते घरात नव्हतं असं नाही. ते कामात मुरलेलं होतं. झोपणाऱ्याच्या डोक्यावर फळी नको, फळीवर पितळेचं भांडं नको. दाराला रात्री कडी घालायची नाही, नुसतं लोटून घ्यायचं. काडेपेटी आणि कंदील हात लांब केला की सापडेल असा. आणि पायताण उशाशी. आई मिरजेची, लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून ठेवतात तसं काहीतरी असेल. आजीने तिला सांगितलं, "सपनाचं न्हवं गं. कौलं फुटून पडत्यात. अनवाणी पळाया येत न्हाई." आईने पुढे आयुष्यभर ते 'यांच्या घरची रीत' म्हणून पाळलं. आम्हालाही तसंच शिकवलं. मला आठवी-नववीपर्यंत वाटायचं की सगळ्यांच्याच घरी चपला उशाशी असतात.

आणि रोज रात्री आजी आम्हा नातवंडांना मोजायची. आम्ही भावंडं दोघं आणि काकांची दोघं. अंधारात एकेकाच्या पावलाला हात लावत जायची, एक, दोन, तीन, चार, पाच. रोज पाच. मी पहिली-दुसरीत असेन, नुकता बेरजा शिकलेलो, शहाणपणा उतू जात होता. एकदा म्हणालो, "आजी, आम्ही चारच आहोत." तिने माझ्या पावलावरचा हात काढला नाही. "असू दे," म्हणाली.

मी पुन्हा तिला दुरुस्त केलं नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

मुक्ताला खरं उत्तर द्यायचं तर ते इथून सुरू होतं. आता यावर लोक चटकन म्हणतात, "म्हणजे तुम्ही स्वतः भोगलंय, म्हणून तुम्हाला दुसऱ्याचं कळतं." हे मला मुळीच मान्य नाही. मी काही भोगलेलं नाही. भूकंपानंतर पंधरा-सोळा वर्षांनी जन्मलो. लहानसा धक्का बसून मांडणीवरची भांडी वाजली की, 'वाजली' म्हणून पुन्हा कूस बदलणारं पोर मी. शिवाय भोगलं की कळतंच असं असतं तर बाबांना माझ्याहून जास्त कळायला हवं होतं. त्यांना कुणी रडायला लागलं की ते मोटार चालू आहे का बघायला विहिरीवर जातात. मला त्या घरातून भोग मिळाला नाही. त्या घरात राहून एक गोष्ट बघायला मिळाली. भ्यालेलं माणूस झोप लागावी म्हणून स्वतःची एक व्यवस्था लावतं आणि ती व्यवस्था बाहेरच्याला वेडेपणा वाटते. एवढंच माझं भांडवल. आणि तेही मी कितीतरी वर्षं गहाण टाकून बसलो होतो.

शिकताना काय झालं, तर शब्द मिळाले. पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंग होऊन गेल्यावरही मनात-अंगात टिकून राहणारा त्रास. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात हा आजार नावानिशी आला १९८० साली, व्हिएतनामवरून परतलेल्या सैनिकांचा त्यात मोठा वाटा होता. म्हणजे आजीचा भूकंप आधीचा आणि त्याचं नाव तेरा वर्षांनी नंतरचं. मला भारी वाटलं होतं ते वाचून. एकेक लक्षण वाचायचो आणि घरातलं एकेक माणूस डोळ्यांसमोर यायचं. सतत सावध राहणं, आजी. टाळाटाळ, बाबा. दचकणं, काका. सुट्टीत घरी गेलो की मी त्यांच्याकडे तसंच बघायला लागलो, लक्षणांवर टिकमार्क करत. आपल्या भाषेत याला 'धसका' असा नेमका शब्द आहे. धसका 'घेतला' म्हणतो आपण आणि भीती अंगात 'बसली' म्हणतो. म्हणजे ती शरीरात मुक्कामाला असते हे भाषेला ठाऊक होतं. पण मी तेव्हा इंग्रजी पुस्तकाच्या नादात. आजी २००९ ला गेली. तोवर मी तिला एकदाही नीट विचारलं नाही. तिच्याबद्दल मनात एक केस-पेपर तेवढा तयार होता.

या हुशारीचा दणका बसला तो पुरानंतर. २०१९ चा ऑगस्ट तू पुण्यातून टीव्हीवर बघितलास. इथे आयर्विन पुलाजवळ चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका धरतात, तिथे कृष्णा सत्तावन्नच्या वर गेली होती. मारुती चौकात नाव चालली. सांगलीकरांची एक सवय तुला माहीत नसेल. पावसाळ्यात इथला माणूस 'कसा आहेस' विचारायच्या आधी 'पुलाला किती' विचारतो, आणि त्याच्या मागोमाग 'कोयनेतून किती सोडलं?' माझ्या पोटात तिथे दरवेळी कळ येते. कारण कोयना म्हणजे आमच्या उशाचं धरण. ते पाणी आमच्या गावाजवळून निघतं, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि मग इथे, माझ्या पेशंटच्या घरात शिरतं. आजीची नदी माझा पाठलाग करत आली म्हणायची.

तर पुरानंतर सहा महिन्यांनी एक बाई आल्या. (ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय, मुक्ताला हेही सांग, हा आमच्या कामातला पहिला धडा.) त्यांच्या माळ्यावर एक पिशवी कायम भरलेली. रेशनकार्ड, पासबुकं, सासऱ्यांची औषधं, दोन साड्या, बिस्किटांचे पुडे, टॉर्च. रात्री तीनदा उठून मोबाइलवर पुलाची पातळी बघायच्या. फेब्रुवारीत! तेव्हा कृष्णेत गुडघाभर पाणी असतं. मी पुस्तकाप्रमाणे गेलो. अशा 'सुरक्षिततेच्या सवयी' भीतीला खतपाणी घालतात, त्या हळूहळू सोडवायच्या, असं आम्हाला शिकवतात आणि ते पुष्कळदा खरंही असतं. मी त्यांना सांगितलं, या आठवड्यात पिशवीतून एक वस्तू काढून कपाटात ठेवा, पुढच्या आठवड्यात दुसरी. त्या "बरं सर" म्हणाल्या. तिसऱ्या भेटीनंतर आल्याच नाहीत. पाठोपाठ लॉकडाऊन लागलं आणि मी सगळं खापर त्याच्यावर फोडून मोकळा झालो.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. त्याच दिवसांत आपल्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. मी गावाकडे फोन लावत बसलो होतो, लागत नव्हता. तेवढ्यात या बाईंचा मेसेज. "सर, पिशवी कामाला आली. गल्लीत सगळ्यात आधी आम्ही बाहेर पडलो. मामंजी सुखरूप आहेत."

विज्या, मी तो मेसेज वाचून ऑफिसच्या पायरीवर बसलो. माझं ऐकलं असतं तर त्या बाईची औषधं कपाटात आणि कपाट पाण्यात. आणि मला आठवला आजीचा आवाज: अनवाणी पळाया येत न्हाई. लहानपणापासून ज्या घरात चपला उशाशी ठेवून झोपलो, त्या घरातला माणूस मी, आणि मी त्या बाईला पिशवी सोडायला सांगितली!

पाणी ओसरल्यावर त्या परत आल्या, त्यांचा मोठेपणा. यावेळी मी आधी पिशवीतल्या एकेका वस्तूची चौकशी केली. का ठेवली, कधी सुचलं, २०१९ ला नेमकं काय राहून गेलं होतं. औषधं राहिली होती. सासऱ्यांचे ते तीन दिवस कसे गेले हे मग त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं: मृग लागला की पिशवी भरायची, दसऱ्याला सोडायची. पावसाळ्यात पुलाची पातळी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. उन्हाळ्यात बघायची नाही. पहिल्या दसऱ्याला त्यांनी पिशवी सोडली आणि त्यातले बिस्किटांचे पुडे माझ्याकडे घेऊन आल्या. मऊ पडलेले. आम्ही खाल्ले.

हे मी कुठल्या कोर्समध्ये शिकलो नाही. भीतीला हंगाम असतो आणि जिथे धोका खरंच पुन्हा येतो तिथे भीती पूर्ण घालवायची नसते, तिला तिच्या हंगामात बसवायची असते, हे आमच्या पडवीत झोपलेल्या माणसाला कळायला हवं होतं. कळायला एक पूर लागला.

आता दुसरी गोष्ट, बोलण्याची. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे माणसाला बोलतं करणं, सगळं बाहेर काढणं. पुरानंतर छावण्यांमध्ये उत्साही मंडळी यायची आणि रांगेत उभ्या बायकांना विचारायची, "काय काय झालं, सांगा, मन मोकळं करा." माझ्या अंगाची लाही व्हायची. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, उलट काहींचा वाढतो, हे तपासून झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा तसं करू नका म्हणते. त्या दिवसांत माणसाला हवं असतं कोरडं अंथरूण, पंचनाम्याच्या कागदाला मदत, नातेवाइकाचा लागलेला फोन. आणि बहुतेक माणसं आपापल्या माणसांच्या आधाराने महिन्या-दोन महिन्यांत सावरतातही. अडकतात ती थोडी. ती आमच्याकडे यावीत.

हरिपूरला एका म्हाताऱ्या हमालाने मला हे फार छान समजावलं, त्याला नकळत. तिथे पूर्वी हळदीची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली, वर्षानुवर्षं हळद टिकायची त्यात. २००५ च्या पुराने त्यांची वाट लावली. तो सांगत होता, पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. आत हवा नसते, माणूस गुदमरून मरतो. तोंड उघडून ठेवायचं, वारं खेळू द्यायचं, मग कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. मी त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. त्याला वाटलं, मला हळदीचा धंदा करायचाय.

आता माझ्या खोलीतलं बोलणं त्या बेताने चालतं. आधी झोप, जेवण, श्वास सावकाश सोडायची सवय, आत्ता आपण कुठे बसलोय, हे पायाला लागणाऱ्या फरशीवरून ओळखणं. त्या आठवणीपाशी जायचं ते नंतर, थोडं थोडं, ठरवून, आणि माणूस म्हणेल तिथे थांबून. मग ती आठवण हळूहळू 'तेव्हा'ची होते. आजाराची गोमच ती आहे. आठवणीला तारीख चिकटलेली नसते. कुजलेल्या धान्याचा वास आला की मेंदूचा अर्धा भाग म्हणतो, पाणी आत्ता आलंय.

पुरुषांचं तर विचारूच नकोस. आपल्याकडचा बाप्या कधी 'भीती वाटते' म्हणून येत नाही. तो ॲसिडिटी घेऊन येतो. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढतो, तो नॉर्मल येतो, मग डॉक्टर माझ्याकडे धाडतात आणि तो चिडूनच आत येतो. खुर्चीच्या टोकावर बसतो, बोलत नाही. पहिली काही वर्षं मी अशा माणसाला प्रश्न विचारून हैराण करायचो. मग मला बाबा आठवले. बाबा माझ्याशी आयुष्यात जे काही बोलले ते शेंगा फोडताना. सूप मध्ये, दोघांच्या हाताला काम, नजर खाली. अर्धा तास काही नाही, आणि मग एकदम, "सुमन शेंगदाणं लई खायची." बस. एवढंच. मी वर बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर ते उठून गेले असते, हे मला दहाव्या वर्षीही कळत होतं.

तर माझ्या ऑफिसात आता एक सूप आहे आणि पाटीभर शेंगा. खरंच. पुण्याच्या एका सीनियर बाई बघून म्हणाल्या, "हे कुठल्या पद्धतीत बसतं?" मी म्हणालो, पाटण पद्धत. पुरात होडीतून लोकांना काढणारा एक जवान पोरगा चार भेटी नुसत्या शेंगा फोडून गेला. पाचव्या भेटीला सूप बाजूला सारलं त्याने. पुढचं त्याचं आहे, तुला सांगत नाही.

हे सगळं गोड गोड वाटेल, म्हणून उणी बाजूही मुक्ताच्या कानावर घाल. अशा घरातून आलेल्याला एक खोड लागते. खोलीत शिरलो की कोण गप्प आहे ते आधी दिसतं आणि ते थांबवता येत नाही. बायको म्हणते, तू लग्नाच्या पंगतीतसुद्धा ओपीडी लावतोस. कुणाचा फोन लागला नाही की माझ्या डोक्यात पत्रे उडायला लागतात. दोन वर्षांपूर्वी एवढा थकलो की एका पेशंटचं बोलणं ऐकताना मला त्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द पोचत नव्हते. तेव्हापासून मी दिवसाला चारच माणसं घेतो, आणि माझं स्वतःचं बोलायला महिन्यातून दोनदा एका बाईंकडे जातो. हो, पैसे देऊन. हस खुशाल. आणि मोबाइलवर हल्ली जो तो कशालाही ट्रॉमा म्हणतो, सरांनी ओरडलं तरी ट्रॉमा, त्या नादाने ती या क्षेत्रात येत नाही ना, तेवढं बघ. एम.ए. पर्यंत ठीक आहे, पण उपचार करायचे तर पुढचं प्रशिक्षण आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी असं लांबलचक आहे. घाईचं काम नाही.

काल ११ तारीख होती. आईला फोन केला. इकडचं तिकडचं बोललो, उसाला तोड आली का वगैरे. मग म्हणाली, परवा रात्री जराशी भांडी वाजली. मी विचारलं, बाबा? "ते काय, पडवीतच. स्लॅबचं घर बांधून वीस वर्षं झाली, एक रात्र आत झोपले नाहीत. मी पण कशाला सांगू आता."

रात्री आमचा चिरंजीव झोपल्यावर मी सवयीने त्याच्या पायाला हात लावायला गेलो. जागाच होता. "बाबा, गुदगुल्या होतात," म्हणाला. "मोजत होतो," म्हणालो. "एकटाच तर आहे मी," म्हणे.

जानेवारीत मुक्ताला घेऊन ये. इथे एक दिवस, मग आपण तिघं गावी जाऊ. तिला काय विचारायचं ते तिने बाबांना विचारावं, मी शेंगांची सोय करतो. स्वेटर, कानटोपी आणि जाड पांघरूण बरोबर आणा. झोपायचं पडवीतच आहे.

तुझा,
संज्या

ता. क. चपला उशाशी ठेवायच्या, हे तिला आधीच सांगून ठेव.